जोड-लायब्ररी: बांधणी, पाठवणी आणि जपणूक

संगीताच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये मूळ प्रोग्रॅम मुद्दाम आटोपशीर ठेवलेला असतो. ध्वनी निर्माण करणे, मिसळणे, मोजणे आणि स्पीकरपर्यंत पोहोचवणे ही पायाभूत कामे तो करतो. एखाद्या वाद्याचा खास नाद, तालाची आवर्तने मोजणारा घटक किंवा जुन्या सिंथेसायझरसारखा फिल्टर हवा असेल, तर तो ज्याला त्याची गरज भासते असा कोणीतरी बाहेरून लिहितो आणि मूळ प्रोग्रॅमला जोडतो. अशा जोडीला कुठे प्लगइन म्हणतात, कुठे एक्स्टर्नल, तर कुठे क्वार्क. या प्रकरणात त्या सर्वांसाठी जोड-लायब्ररी हा शब्द वापरला आहे.

लायब्ररी लिहून झाली की काम निम्मेच झालेले असते. लेखकाच्या संगणकावर ती बिनतक्रार चालते, कारण तिला लागणारी प्रत्येक फाइल तिथे आधीपासून असते. काही अडलेच, तर ते सोडवणारा माणूस, म्हणजे स्वतः लेखक, समोरच बसलेला असतो. दुसऱ्याच्या संगणकावर या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून लेखकाने तोंडी जे सांगितले असते आणि हाताने जे करून दिले असते, ते सगळे पॅकेजमध्ये आधीच बांधावे लागते.

एकच मोठे गाठोडे की सुटी पुडकी?

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो प्युअर डेटा या सॉफ्टवेअरच्या बाबतीत. मिलर पकेट यांनी १९९६ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याआधी १९८० च्या दशकात त्यांनीच पॅरिसच्या इर्कॅम या संस्थेत मॅक्स हे सॉफ्टवेअर घडवले होते. प्युअर डेटामध्ये पडद्यावर चौकोन मांडून ते रेषांनी जोडले की संगीताची यंत्रणा तयार होते. या मांडणीला पॅच म्हणतात आणि चौकोनाला ऑब्जेक्ट. पकेट यांच्या मूळ आवृत्तीला वापरणारे प्रेमाने व्हॅनिला म्हणतात. तिच्यात नसलेले ऑब्जेक्ट म्हणजे एक्स्टर्नल.

एक्स्टर्नलांची संख्या वाढत गेली, तशी ती शोधून योग्य जागी ठेवणे नवख्यांना जड जाऊ लागले. त्यावर पीडी-एक्स्टेंडेड हा उपाय निघाला. हान्स-क्रिस्टोफ स्टाइनर यांच्या पुढाकाराने अनेकांच्या लायब्ररी मूळ प्रोग्रॅमसोबत एकाच इन्स्टॉलरमध्ये बांधल्या गेल्या. एकदा इन्स्टॉल केले की सगळे हाताशी! शाळा-कॉलेजांना आणि कार्यशाळांना याचा मोठा आधार झाला. मात्र या सोयीची किंमत गाठोडे बांधणाऱ्यांना मोजावी लागे. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की आतल्या प्रत्येक लायब्ररीची पुन्हा तपासणी करावी लागे. एक जरी अडली, तरी सगळे गाठोडे खोळंबे. २०१३ नंतर पीडी-एक्स्टेंडेडची नवी आवृत्ती निघाली नाही.

पुढची व्यवस्था अगदी उलट दिशेने गेली. क्रिस मॅककॉर्मिक यांनी सुरू केलेले डेकन हे साधन २०१६ मध्ये प्युअर डेटाच्या ०.४७ या आवृत्तीत मुळातच सामील झाले. आता वापरणारा मेनूतून ‘फाइंड एक्स्टर्नल्स’ उघडतो, लायब्ररीचे नाव टाइप करतो आणि हवे तेवढेच पुडके उतरवून घेतो. प्रत्येक लेखक आपापल्या गतीने आपले पुडके पाठवतो. कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही.

एकत्र गाठोड्याची गरज मात्र संपली नाही. टिमोथी शून यांच्या प्लगडेटामध्ये एल्स आणि सायक्लोन या दोन मोठ्या लायब्ररी पुन्हा सोबतच मिळतात. शिकवणाऱ्याला सगळ्यांकडे तेच असल्याची खात्री हवी असते, तर लेखकाला सुटेपणा. दोन्ही पद्धती टिकल्या आहेत, कारण दोन्ही गरजा खऱ्या आहेत.

पुडक्यात काय असते

वसई पूर्वेला, स्टेशनकडून महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोखिवरे आहे. इथल्या औद्योगिक गाळ्यांतून रोज माल टेम्पोत चढतो. खोके बंद करण्याआधी आतले नग मोजले जातात, खोक्यावर मालाचे नाव आणि बॅच क्रमांक चिकटवला जातो, सोबत चलन दिले जाते. माल घेणाऱ्याने गाळा कधी पाहिलेला नसतो. त्याच्यासाठी खोके आणि कागद हीच काय ती माहिती. जोड-लायब्ररीचे पुडकेही याच शिस्तीने बांधावे लागते. एक काल्पनिक उदाहरण टप्प्याटप्प्याने घेतले की ते नीट दिसते.

समजा, गोखिवऱ्यात राहणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमरने तारप्यासाठी प्युअर डेटाची लायब्ररी तयार केली. तारपा हे पालघर जिल्ह्यातील वारली समाजाचे फुंकून वाजवायचे वाद्य. सुकवलेला भोपळा आणि त्यात बसवलेल्या नळ्या यांतून त्याचा अखंड नाद येतो. तारपकरी मध्ये उभा राहून वाजवतो आणि नाचणारे हात धरून त्याच्याभोवती फेर धरतात. या लायब्ररीत तीन ऑब्जेक्ट आहेत, असे धरू: एक नाद निर्माण करणारे, एक फुंकीचा जोर हाताळणारे आणि एक ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारे.

पहिली दोन्ही ऑब्जेक्ट सी भाषेत लिहून कंपाइल केलेली आहेत. तिसरे मात्र प्युअर डेटाचाच छोटा पॅच आहे. अशा पॅचला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात. हा फरक महत्त्वाचा आहे. ॲब्स्ट्रॅक्शन ही साधी मजकुराची फाइल असल्याने ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर जशीच्या तशी चालते. कंपाइल केलेली फाइल ज्या प्रकारच्या संगणकासाठी बनवली, त्यावरच चालते. म्हणून जे काम ॲब्स्ट्रॅक्शनमध्ये भागते ते तसेच ठेवणे लेखकाच्या आणि वापरणाऱ्याच्याही सोयीचे असते.

पुडक्यात या तीन ऑब्जेक्टशिवाय आणखी बरेच काही लागते. प्रत्येक ऑब्जेक्टला त्याच्याच नावाची मदत-फाइल हवी. प्युअर डेटामध्ये ऑब्जेक्टवर राइट-क्लिक करून ‘हेल्प’ निवडले की तीच उघडते. ती चालता पॅच असते. वापरणारा त्यातले आकडे बदलून आवाज ऐकू शकतो आणि लागणारा भाग उचलून आपल्या कामात चिकटवू शकतो. वर्णनाची पाने वाचण्यापेक्षा पुष्कळ जण इथूनच शिकतात. त्यामुळे मदत-फाइल नसलेले ऑब्जेक्ट बहुतेकांसाठी नसल्यासारखेच असते. याखेरीज लेखक, आवृत्ती आणि परवाना नोंदवणारी मेटा-फाइल, थोडक्यात ओळख करून देणारी रीडमी फाइल आणि परवान्याचा पूर्ण मजकूर हेही त्याच फोल्डरमध्ये जाते.

ध्वनिनमुन्यांचे वजन आधीच मोजून पाहावे लागते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना २ बाइटचा. म्हणजे एका वाहिनीचा ३० सेकंदांचा नाद सुमारे २.६ मेगाबाइट भरतो, तर दोन वाहिन्यांचे २० मिनिटांचे मुद्रण २०० मेगाबाइटच्या पुढे जाते. अशा वेळी छोटे नमुने लायब्ररीत आणि दीर्घ मुद्रणे वेगळ्या पुडक्यात ठेवणे शहाणपणाचे. नाहीतर कोडमध्ये एका ओळीची दुरुस्ती झाली तरी मोबाइल डेटावर काम करणाऱ्याला सगळे ओझे पुन्हा उतरवावे लागते.

एकच सोर्स, अनेक संगणक

तारपा लायब्ररीचा सी कोड एकच असला, तरी तयार फाइली अनेक निघतात: विंडोजसाठी, इंटेल आणि ॲपल अशा दोन्ही चिपच्या मॅकसाठी, साध्या लिनक्ससाठी आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांसाठी. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची चिप आणली तेव्हा मॅकसाठीच्या असंख्य लायब्ररी पुन्हा कंपाइल कराव्या लागल्या. ज्यांचा सोर्स कोड उपलब्ध होता त्या कोणीही पुन्हा बांधू शकत होता. सोर्स हरवलेल्या लायब्ररींच्या बाबतीत तो मार्गच उरला नाही.

हे वारंवारचे काम सोपे व्हावे म्हणून कात्या फेटर यांनी पीडी-लिब-बिल्डर ही सामायिक मेकफाइल तयार केली. लेखक लायब्ररीचे नाव, सोर्स फाइली आणि सोबतच्या फाइली यांची यादी देतो. कोणत्या प्रणालीवर कंपायलरला काय सांगायचे ते ही मेकफाइल पाहते. आता गिटहबसारख्या सेवांवर प्रत्येक बदलानंतर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर आपोआप बांधणी करून घेता येते. त्यामुळे गोखिवऱ्यातील एकट्या लेखकाकडे स्वतःचा मॅक नसला तरी मॅकची फाइल तयार होते.

बांधणीत नेहमी नडणाऱ्या गोष्टी तीन. पहिली विंडोजवरची. कंपायलरने स्वतःच्या काही डीएलएल फाइली गृहीत धरलेल्या असतात. त्या लेखकाकडे असतात, इतरांकडे नसतात, आणि पुडक्यात घालायच्या राहून जातात. दुसरी लिनक्सवरची. अगदी नव्या लिनक्सवर बांधलेली फाइल जुन्या लिनक्सवर चालत नाही, कारण जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची नवी आवृत्ती ती मागते. म्हणून बांधणी मुद्दाम जुन्या प्रणालीवर करतात. तिसरी मॅकवरची. इंटरनेटवरून आलेल्या आणि अधिकृत सही नसलेल्या फाइली मॅक अडवून धरतो. सहीसाठी ॲपलचे सशुल्क सभासदत्व लागते. ते परवडत नसेल, तर अडवणूक कशी सोडवायची ते रीडमीमध्ये स्पष्ट लिहावे लागते.

तिन्ही अडचणी लेखकाच्या स्वतःच्या संगणकावर कधीच दिसत नाहीत. त्या पकडण्याचा मार्ग एकच. जिथे ही लायब्ररी कधी आली नाही अशा कोऱ्या संगणकावर पुडके उतरवायचे आणि मदत-फाइल उघडून आवाज येतो का ते पाहायचे.

नाव, आवृत्ती आणि परवाना

दोन लायब्ररींत एकाच नावाचे ऑब्जेक्ट असले की कोणते उघडेल ते फोल्डरांच्या क्रमावर ठरते आणि जुने पॅच अचानक वेगळे वागू लागतात. ‘काउंटर’सारखे सर्वसामान्य नाव म्हणूनच धोक्याचे. प्युअर डेटामध्ये लायब्ररीचे नाव आधी लिहून मग ऑब्जेक्टचे नाव देता येते, जसे ‘सायक्लोन/काउंटर’. पॅचच्या सुरुवातीला ‘डिक्लेअर’ ऑब्जेक्ट ठेवून कोणत्या लायब्ररी लागतात तेही नोंदवता येते. ही नोंद असलेला पॅच दुसऱ्याच्या हाती गेला तरी काय हवे ते स्वतःच सांगतो.

आवृत्तीच्या आकड्यातून वापरणाऱ्याला एक वचन मिळते. प्रचलित पद्धतीत तीन आकडे असतात. १.४.२ नंतर १.४.३ आली तर फक्त दुरुस्ती झाली असे समजावे. १.५.० म्हणजे भर पडली, पण जुने पॅच चालतील. २.०.० म्हणजे काही जुने मोडेल, तयारीने या. संगीतात याला विशेष वजन आहे. मैफलीच्या आदल्या दिवशी घेतलेल्या साध्या दुरुस्तीने फिल्टरचा आवाज बदलला, तर रचनाच बदलते.

परवाना नसलेली लायब्ररी कायद्याने कोणालाच पुढे वाटता येत नाही, मग ती इंटरनेटवर कितीही उघडी पडलेली असो. प्युअर डेटा बीएसडी परवान्याखाली आहे. त्यात श्रेय आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला की फेरवापराला मोकळीक मिळते. अनेक एक्स्टर्नल जीपीएलखाली आहेत. ते वाटणाऱ्याने सोर्स कोडही उपलब्ध करून द्यायचा असतो. डेकनमध्ये ही जाणीव मुळातच आहे. सोर्सशिवाय नुसत्या कंपाइल केलेल्या फाइली पाठवू पाहणाऱ्याला ते अडवते. मुद्दाम वेगळी आज्ञा दिली तरच पुढे जाऊ देते.

ध्वनिनमुन्यांचा परवाना कोडपेक्षा वेगळा विचारात घ्यावा लागतो. तारप्याच्या मुद्रणात वाजवणाऱ्याचा हक्क असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ३८ सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क देते. तारपकऱ्याला त्याचा नाद जगभर उतरवला जाईल, कापला-जोडला जाईल हे त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घेणे आणि त्याचे नाव त्याच्या इच्छेनुसार मेटा-फाइलमध्ये नोंदवणे हा पुडक्याचाच भाग आहे. ज्या समाजाने हे वाद्य जपले, त्याचे नाव गळालेली लायब्ररी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली तरी अपुरीच.

पाठवणी

डेकनचे पुडके ही प्रत्यक्षात झिप फाइल असते. फक्त तिच्या नावाची ठेवण ठरलेली असते. आधी लायब्ररीचे नाव, मग चौकटी कंसात आवृत्ती, मग साध्या कंसात प्रणाली, चिपचा प्रकार आणि आकड्यांची रुंदी. त्या नावावरूनच प्युअर डेटा आपल्या संगणकाला चालणारे पुडके यादीत वर आणतो. म्हणजे खोक्यावरची चिठ्ठीच वाटप करते. आत एकच फोल्डर असते. उतरवल्यावर ते वापरणाऱ्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘पीडी’ फोल्डरातील ‘एक्स्टर्नल्स’ या जागी जाते. मूळ प्रोग्रॅमला हात लागत नाही. त्यामुळे लायब्ररी नको झाली तर फोल्डर काढून टाकले की पुरते.

पुडक्यासोबत दोन छोट्या फाइलीही जातात. एकीत चेकसम असतो. तो संपूर्ण पुडक्यावरून गणिताने काढलेला आकडा. वाटेत एक बाइट जरी बदलला तरी तो जुळत नाही. दुसरी लेखकाची जीपीजी सही. चेकसमवरून पुडके अखंड आले हे कळते, सहीवरून ते त्याच लेखकाकडून आले हे कळते. पुडकी प्युअर डेटाच्या सामायिक संकेतस्थळावर चढवली जातात. तिथे खाते असलेला कोणीही लेखक पाठवू शकतो. पूर्वपरीक्षा करणारी समिती नाही. म्हणूनच सही आणि लेखकाचे नाव पाहून घेणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी ठरते. डेकन एका लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी आपोआप आणत नाही. तारपा लायब्ररीला सायक्लोन लागत असेल, तर ते वर्णनात ठळक लिहायलाच हवे.

इतरांच्या पद्धती

जेम्स मॅकार्टनी यांचे सुपरकोलायडर हेही १९९६ चेच. २००२ मध्ये ते जीपीएलखाली मुक्त झाले. त्यात दोन वेगळे रस्ते आहेत. भाषेतच लिहिलेल्या लायब्ररींना क्वार्क म्हणतात. त्या कंपाइल कराव्या लागत नाहीत आणि गिटच्या पत्त्यावरून थेट उतरतात. क्वार्कच्या ओळख-फाइलीत तिला लागणाऱ्या इतर क्वार्कची यादी देता येते आणि त्याही सोबत येतात. सी++ मध्ये लिहिलेले ध्वनिघटक मात्र एससी३-प्लगइन्स या एकत्र संचातून मिळतात, कारण ते प्रत्येक प्रणालीसाठी बांधावे लागतात.

डेबियन ही लिनक्सची वितरण-व्यवस्था तिसरा मार्ग दाखवते. तिथे स्वयंसेवक लायब्ररी स्वतः सोर्सपासून बांधतात, परवाना तपासतात आणि अवलंबित लायब्ररींची साखळी नोंदवतात. वापरणाऱ्याला एका आज्ञेत सर्व मिळते. मात्र स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, त्यामुळे लायब्ररीचे ताजे रूप उशिरा पोहोचते.

कधी वाटपाची रीत कायद्यामुळे ठरते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांनी ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर शिकून घेतले. त्या ऑडॅसिटीत एमपी३ फाइल बनवण्यासाठी लेम ही लायब्ररी बरीच वर्षे वेगळी शोधून आणावी लागे. कारण तांत्रिक नव्हते. एमपी३ वर पेटंट होते. २०१७ मध्ये पेटंटचा परवाना-कार्यक्रम संपला आणि पुढच्या आवृत्त्यांत लेम सोबतच मिळू लागली.

भारतीय संगीताचे एक पुडके

भारतीय संगीताच्या संगणकीय अभ्यासातही हाच प्रवास घडला आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१७ या काळात कॉम्पम्युझिक हा प्रकल्प चालला. आयआयटी मुंबईतील प्रीती राव आणि त्यांचा गट हिंदुस्थानी संगीताच्या बाजूने त्यात सहभागी होता. स्वररेषा, ताल आणि राग ओळखण्याच्या अनेक पद्धती या काळात लिहिल्या गेल्या. पण संशोधनाचा कोड बहुधा ज्याचा त्याच्या फोल्डरात राहतो. प्रबंध संपला की तो दुसऱ्या कोणाला चालवता येईलच असे नसते.

त्या विखुरलेल्या पद्धती एकत्र आणण्यासाठी कॉम्पआयएएम ही पायथन लायब्ररी तयार झाली. डिसेंबर २०२२ मध्ये बंगळूरला भरलेल्या इस्मिर या आंतरराष्ट्रीय परिषदेत तिच्यावर अभ्यासवर्ग झाला. पायथनच्या पिप या साधनाने ती एका ओळीत उतरते. तिची रचना शिकण्यासारखी आहे. टेन्सरफ्लोसारखी भारी अवलंबने ती सर्वांच्या माथी मारत नाही. ज्या साधनाला ती लागतात ते वापरायला गेल्यावर काय इन्स्टॉल करायचे ते सांगते. सरगा या मुद्रणसंग्रहासारखी मोठी सामग्री पुडक्यात नसते. ती वेगळ्या साठवणीतून येते आणि उतरल्यावर चेकसमने पडताळता येते. तारपा लायब्ररीच्या उदाहरणात छोटे कोड आणि मोठी मुद्रणे वेगळी ठेवण्याचे जे कारण होते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर दिसते.

जपणूक

पुडके एकदा पाठवले की त्यावर इतरांच्या रचना उभ्या राहतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाची अवघ्या ११ ओळींची जावास्क्रिप्ट लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प बांधता येईनासे झाले. संगीतात असा गोंधळ लगेच दिसत नाही. तो पाच वर्षांनी, जुनी रचना पुन्हा वाजवायला घेतल्यावर दिसतो. म्हणून प्रसिद्ध झालेली आवृत्ती मागे घेऊ नये. चूक सुधारायची तर नव्या आकड्याने सुधारावी. रचनाकारानेही पॅचसोबत लायब्ररींची नावे, नेमक्या आवृत्त्या आणि शक्य तर पुडक्यांच्या प्रतीही ठेवाव्यात.

लेखकाचा वेळ, नोकरी आणि आवडी बदलतात. लायब्ररी त्याच्यानंतरही चालावी असे वाटत असेल, तर सोर्स सार्वजनिक ठेवणे, बांधणीची कृती लिहून ठेवणे आणि आणखी एका तरी माणसाला पुडके पाठवण्याचा अधिकार देणे ही तीन कामे सुरुवातीलाच करावी लागतात. त्या दुसऱ्या माणसाने कोऱ्या संगणकावर सोर्स उतरवून, काहीही न विचारता पुडके बांधून दाखवले, की लायब्ररी खऱ्या अर्थाने हस्तांतरित झाली असे मानता येते.